मोटारीचा निःश्वास

शापोरा नदीच्या उत्तरेस, पेडणे तालुक्यात, तुये हा गाव आहे. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे इस्पितळ आणि मध्ये माडांच्या व काजूंच्या आडोशाने वसलेले वाडे, असे त्याचे आजचे रूप. दिवस मावळला, तुळशीपुढे वा क्रुसापुढे दिवा लागला, की रस्त्यावरून येणाऱ्या वाहनाचा आवाज दुरूनच स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी एखादी मोटार गर्जना करीत निघून जाते. तिठ्यावर उभा असलेला तरुण कौतुकाने उद्गारतो, "काय ताकद आहे गाडीत!" आणि त्याच क्षणी जवळच्या घरात नुकतेच निजवलेले मूल दचकून रडू लागते. आवाज एकच, ऐकणारे दोन. एकाला त्यात सामर्थ्य ऐकू आले, दुसऱ्याला केवळ भय. या दोघांपैकी यंत्रशास्त्राचा कौल कोणाच्या बाजूने पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

मोटारीचे एंजिन हे श्वासोच्छ्वास करणारे यंत्र होय. हवा व पेट्रोल आत घ्यावयाचे, ते दाबावयाचे, पेटवावयाचे आणि जळून उरलेला वायू बाहेर टाकावयाचा, ही त्याची चार कामे. श्वास कितीही मोठा घेतला, तरी उच्छ्वास पुरा झाल्यावाचून पुढचा श्वास पुरा घेता येत नाही, हा देहधर्म यंत्रालाही चुकलेला नाही. सिलिंडरातून बाहेर पडणारा वायू प्रथम ज्या बिडाच्या जाड भांड्यात शिरतो, त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. ते टिकाऊ असते, स्वस्त असते आणि थोड्या जागेत मावते. परंतु त्यात चारही सिलिंडरांचे मार्ग आखूड असून लगेच एकमेकांना मिळतात. एकाचा वायू बाहेर पडत असताना दुसऱ्याचा त्याच्या वाटेत येतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक सिलिंडराला पोलादाची स्वतंत्र नळी द्यावयाची, त्या नळ्यांची लांबी शक्यतो सारखी ठेवावयाची आणि मग त्या एकत्र आणावयाच्या, ही जी रचना, तिलाच हेडर असे नाव आहे.

हेडरचे काम केवळ वाट मोकळी करण्याचे नाही. सिलिंडरातून वायूचा लोट वेगाने निघून गेला, की त्याच्या मागे क्षणभर कमी दाबाची लाट राहते. ती लाट योग्य क्षणी परतली, तर उरलासुरला धूर ओढून काढते. चार सिलिंडरांचे एंजिन बहुधा १-३-४-२ या क्रमाने पेटते. म्हणून पुष्कळ हेडरांत पहिली व चौथी, दुसरी व तिसरी अशा नळ्यांच्या जोड्या जुळवून शेवटी त्या दोन्ही जोड्या एकत्र आणतात. मात्र नळी लांब व अरुंद असेल, तर तिचा लाभ एंजिनाच्या मंद फेऱ्यांत मिळतो. आखूड व रुंद असेल, तर जलद फेऱ्यांत. सर्व वेगांना सारखी लाभणारी नळी अद्याप कोणी घडविलेली नाही.

आता सुपरचार्जरकडे वळू. एंजिनाला हवा ओढून घेऊ देण्याऐवजी पंपाने ती दाबून भरावयाची, ही त्याची कल्पना. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा फुंकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे तसली यंत्रे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा पुरवू लागली. हवा दाबून एंजिनात भरण्याचे पेटंट गॉटलीब डायमलर याने १८८५ मध्ये घेतले. सुपरचार्जर एंजिनाच्याच दांड्यावरून, बहुधा पट्ट्याने, फिरतो. याचा भाऊबंद जो टर्बोचार्जर, तो बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. हा भेद गिऱ्हाइकाने आधी जाणून घ्यावयास हवा. टर्बोच्या गाडीत मॅनिफोल्डवरच टर्बो बसलेला असतो. तेथे साधा हेडर बसविताच येत नाही. सुपरचार्जरच्या गाडीत मात्र बाहेर जाण्याची वाट मोकळी असते.

या विषयाचे एक राजेशाही उदाहरण मराठी माणसांच्या परिचयाच्या घराण्यातले आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची एस-जे जातीची मोटार मागविली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी तिला देह चढविला. ६.९ लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडर असलेले हे एंजिन सुपरचार्जरशिवाय २६५ आणि सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती देते, असा कारखान्याचा दावा होता. एस-जे गाड्यांच्या बॉनेटच्या कुशीतून लकाकणाऱ्या जाड नळ्या बाहेर येतात. त्या आजही पाहणाराची नजर वेधून घेतात. त्या नळ्या शोभेसाठी निघाल्या नव्हत्या. सुपरचार्जरने एंजिनाच्या बाजूची जागा अडविली, म्हणून धुराला दुसरी वाट काढून द्यावी लागली. गंमत अशी, की पुढे सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांच्या मालकांनीही तशाच नळ्या हौसेने बसवून घेतल्या. एकाच्या नळीला कारण होते, दुसऱ्याच्या नळीला केवळ हौस. नव्वद वर्षे लोटली, तरी हा भेद जुना झालेला नाही.

आपल्याकडे अलीकडच्या काळात सुपरचार्जर सामान्य रस्त्यावर आणला, तो मर्सिडीझ-बेंझच्या पुण्यात जुळणी झालेल्या कॉम्प्रेसर गाड्यांनी. १.८ लिटरचे, चार सिलिंडरांचे ते एंजिन. त्या गाड्या आता जुन्या झाल्या आणि मूळ किमतीच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत हातोहात विकल्या जातात. त्यामुळे पूर्वी अशा गाडीकडे दुरून पाहणारा तरुण आज तिचा मालक होऊ शकतो, आणि मालक होताच तिला आणखी जोरकस करण्याचे वेध त्याला लागतात. अशी एखादी गाडी तुयेच्या परिसरातील एखाद्या गॅरेजात हेडर बसविण्यासाठी आली, असे समजू. तेथील मिस्त्रीने काय करावे?

पहिली गोष्ट, त्याने खरे सांगावे. सुपरचार्जरच्या एंजिनात हवा आधीच दाबून आत येत असते. त्यामुळे लाटेच्या ओढीने होणाऱ्या लाभाचे महत्त्व कमी होते आणि वाटेच्या मोकळेपणाचे वाढते. लाभ होतो, पण तो मोजला पाहिजे. हेडर बसविल्यावर दाबाचा काटा, म्हणजे ज्याला बूस्ट म्हणतात तो, पूर्वी अर्धा बार दाखवीत असेल, तर आता त्याहून कमी दाखवील. अजाण माणूस घाबरतो. शक्ती घटली, असे त्याला वाटते. वस्तुतः दाब हे हवेच्या अडवणुकीचे माप आहे, तिच्या राशीचे नव्हे. पुढची वाट मोकळी झाली, म्हणून मागची दाटी ओसरली. हे न उमगल्यामुळे काही जण सुपरचार्जरला लहान पुली बसवून तो अधिक जोराने फिरवितात. काटा वर चढतो, परंतु त्याबरोबर हवेची उष्णताही चढते. मग ठिणगी पडल्यावर ज्योत पसरण्याआधीच इंधन ठिकठिकाणी पेटू लागते. एंजिनात ठोके पडतात आणि पिस्टन निकामी होतो. चार पैशांच्या पुलीने लाख रुपयांचे एंजिन जाते, ते असे.

दुसरी गोष्ट कारागिरीची. एंजिन पूर्ण थंड झाल्यावाचून आणि बॅटरीची तार सोडविल्यावाचून हात घालू नये. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात मॅनिफोल्डचे स्टड गंजून बसतात. त्यांना आदल्या रात्री तेल पाजावे, घाईने पाना लावून मोडू नये. मोडलेला स्टड हेडातून काढण्याचे काम मूळ कामाहून मोठे होते. नव्या हेडरची पट्टी सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी व फीलर गेज लावून पाहावे. गॅस्केट नेहमी नवे घ्यावे. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावे. गाडी एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावे.

या तपासणीचे कारण उष्णतेत आहे. पूर्ण भाराखाली पेट्रोल एंजिनाचा वायू ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. ८०० मिलिमीटर लांबीची स्टेनलेस पोलादाची नळी ६०० अंशांनी तापली, तर जवळजवळ ८ मिलिमीटर वाढते. या वाढीला वाव न ठेवता नळी जखडली, तर वेल्डिंगच्या सांध्यात तडा जाणारच. तशीच, ब्रेकची नळी, विजेच्या तारा आणि सुपरचार्जरचा पट्टा यांच्यापासून हेडर पुरेसा दूर आहे, याची खात्री करावी. काही जण नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात. तथापि साध्या पोलादावर ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि आतून नळी गंजते. आपल्या पावसाळ्यात हा धोका दुप्पट समजावा.

तिसरी गोष्ट गळतीची. सांध्यातील बारीक फटीतून वायू बाहेर येतो, तशी दोन लोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवाही आत ओढली जाते. पुढे बसविलेला ऑक्सिजन सेन्सर त्या हवेने फसतो. पेट्रोल कमी पडते आहे, असे गाडीतील संगणकास कळवितो, आणि तो विनाकारण अधिक पेट्रोल ओततो. बाहेर आलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. दार लोटून एंजिन चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीचा जीव या अदृश्य वैऱ्याने घेतला जाऊ शकतो. म्हणून चाचणी उघड्यावर घ्यावी, आणि नव्या हवेच्या मानाने इंधनाचे व ठिणगीचे माप जाणत्या माणसाकडून, यंत्रावर मोजून, बदलून घ्यावे.

चौथी गोष्ट मालकाच्या एंजिनाबाहेरची, आणि सर्वांत महत्त्वाची. अनेक लांब हेडरांना जागा करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागे सरकवितात किंवा काढूनच टाकतात. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांच्या लेपाचे हे छोटे पात्र विषारी वायूंना पुष्कळ अंशी निरुपद्रवी करते. पण ते सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्यावाचून नीट कामास लागत नाही. एंजिनापासून दूर नेले, की उशिरा तापते. काढून टाकले, की त्याचे काम शेजाऱ्याच्या फुफ्फुसांना करावे लागते.

कायदा येथे संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. १८२-अ कलमाने अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्हीही, होऊ शकतात. हवा व ध्वनी यांच्या मर्यादा ओलांडणारास १९० व्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवासी मोटारीसाठी २००५ मध्ये लागू झालेली कारखान्यातील चाचणीची ध्वनिमर्यादा ७४ डेसिबल होती. इस्पितळे व शाळा यांच्या भोवतालचा १०० मीटरचा टापू शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेथे २००० च्या नियमांनी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. डेसिबलचे गणित साधे नाही. दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. तुयेच्या इस्पितळात निजलेल्या रुग्णाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही.

मग हौशी माणसाने काय करावे? शर्यतीची हौस असेल, तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारखे बंदिस्त मार्ग देशात आहेत. तेथे हेडर बसवावा, घड्याळ लावावे, आधीचे व नंतरचे आकडे कागदावर मांडावेत. खरा लाभ तेथे दिसेल आणि पोकळ लाभही तेथे उघडा पडेल. गावच्या रस्त्यावर वापरावयाची गाडी मात्र मूळ स्थितीत निगुतीने ठेवावी. झिजलेला पट्टा, तुंबलेले एअर फिल्टर व गळका सांधा दुरुस्त केल्याने जुन्या कॉम्प्रेसर गाडीची हरवलेली शक्ती पुष्कळदा परत येते, आणि तीही शेजाऱ्यांची झोप न मोडता.

तेव्हा तिठ्यावरचा तरुण आणि घरातले दचकलेले मूल यांच्या वादात यंत्रशास्त्राचा कौल मुलाच्या बाजूने पडतो. आवाज म्हणजे शक्ती नव्हे. फुकट गेलेल्या ऊर्जेचा तो बोभाटा होय. इंदूरच्या महाराजांच्या गाडीतील नळ्यांना कारण होते, म्हणून त्या शोभल्या. आपल्या गाडीत काही बदलण्यापूर्वी प्रत्येकाने त्याचे कारण शोधावे, आणि ते कारण शेजाऱ्याला त्याच्या दारात जाऊन सांगण्यासारखे आहे काय, हेही स्वतःस विचारून पाहावे.