उजेड आपल्यापुरता नसतो

मैत्रिणींनो, आज गाडीच्या दिव्यांबद्दल बोलायचं आहे. हा पुरुषांचा विषय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. कितीतरी गटांनी कर्ज काढून पिकअप घेतल्यात. हप्ता आपण भरतो, तर गाडीवर काय बसतं तेही आपणच बघायला हवं.

आमच्या गटाचीही पिकअप आहे. फलटण तालुक्यातून भाजी भरून रात्री निघते, पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पोचते. ड्रायव्हर म्हणाला, रात्री नीट दिसत नाही, फोकस बसवू. आम्ही बैठकीत पैसे मंजूर केले. टपावर दोन पांढरे एलईडी फोकस लागले. रस्ता दिवसासारखा दिसू लागला. आम्ही खूश!

महिन्याभरानं माझ्या थोरल्या जाऊबाई स्कूटीवरून घरी येत होत्या. समोरून गाडी आली आणि डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. पुढं चाललेली उसाची बैलगाडी एकदम जवळ आल्यावर दिसली. त्यांनी स्कूटी डावीकडं घेतली ती थेट चारीत. मनगट मोडलं. समोरची गाडी कुणाची? आमच्याच गटाची. फोकससाठी हात वर करणाऱ्यांत जाऊबाईही होत्या.

झोत डोळ्यांत गेला की नजर सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही, तर ३३ मीटर आंधळ्यागत जाणं झालं.

मग आम्ही वायरिंगच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं आधी जुने दिवे बघितले. काच धुरकट झालेली, एक बल्ब मंद. काच घासून घेतली, बल्ब बदलले. अर्धा अंधार तिथंच गेला. मग सपाट जागेवर भिंतीसमोर २५ फुटांवर गाडी उभी केली. दिव्याच्या उंचीची खूण भिंतीवर केली. डिप्परचा उजेड त्या खुणेच्या खालीच राहिला पाहिजे. आणि हे क्रेट भरून बघायचं बरं का! मागं माल भरला की गाडीचं नाक वर होतं आणि साधा दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

तरीही जास्तीचा दिवा हवा असेल, तर तीन गोष्टी विचारा. एक, तो खाली, बंपरच्या उंचीला आहे ना? टपावर नको. दोन, रिले आणि फ्यूज टाकलाय ना? ५५ वॅटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात. तो सगळा साध्या बटणातून नेला तर वायर तापते, गाडी पेटूही शकते. तीन, दिवा अप्परच्या वायरीवर जोडलाय ना? तसा जोडला की डिप्पर देताच तो आपोआप विझतो, ड्रायव्हरच्या आठवणीवर राहत नाही.

कायदाही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांनुसार गाडीच्या पुढं स्पॉटलाईट बसवायला आधी परवानगी लागते. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत विचारा.

आम्ही टपावरचे फोकस काढले. आता आमच्या वहीत कर्जाच्या हप्त्याशेजारी आणखी एक रकाना आहे: दर महिन्याला काच पुसली का, दिवे भिंतीवर तपासले का. सही जाऊबाई करतात, आणि बघितल्याशिवाय करत नाहीत.

तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. उसाची बैलगाडी, ट्रॉली असेल तर मागं लाल रेडियम लावा. समोरून येणारी बाई आपल्याच घरची असू शकते.