दर्शन : नित्य जीवनातील सौंदर्य आणि आपली दृष्टी

(पर्युषण पर्वात, उत्तम आकिंचन्य धर्माच्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची संधी मला दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या शेजारी गादीवर बसलो, तो आजतागायत बसलो आहे. त्यातही नववा दिवस, म्हणजे आकिंचन्याचा, माझ्या वाट्याला आला. ‘माझे काहीही नाही’ या धर्मावर कापडाच्या व्यापाऱ्याने बोलावे, ही योजना करणाऱ्याने बहुधा थोडी गंमत मनात धरली असावी. वास्तविक या विसंगतीचा विचार मी स्वतः पुष्कळदा केला आहे. दिवसभर मी लोकांच्या अंगावर घालायचे वस्त्र विकतो; आणि सकाळ-संध्याकाळ ज्यांच्यापुढे मस्तक नमवतो, त्यांच्या अंगावर सुताचा एक धागाही नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात चाळीसहून अधिक वर्षे नांदल्या. त्यांच्यामधून जे थोडे समजले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

माझा विषय आहे नित्य जीवनातील सौंदर्य. हा विषय निवडल्यावर एका ज्येष्ठ बंधूंनी मला टोकले. ते म्हणाले, “अहो, रूप हा चक्षु-इंद्रियाचा विषय. विषयांपासून दूर राहण्याचा आपला मार्ग, आणि पर्युषणात तुम्ही सौंदर्याचे गुणगान करणार?” त्यांचा आक्षेप चुकीचा नाही. पतंगाचे दिव्यावर काय होते ते आपण पाहतो. दुकानात तर मी रोज पाहतो. एखादी साडी नजरेत भरली की माणसाचा चेहरा बदलतो, श्वास बदलतो, आणि ती घेता आली नाही तर पुढचा अर्धा तास तो दुःखी असतो. त्या दुःखावर माझा प्रपंच चालतो, हेही येथेच कबूल करतो.

परंतु त्याच बंधूंना मी विचारले, भगवान ऋषभदेवांना वैराग्य कशाने झाले? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती कथा विस्ताराने आली आहे. राजसभेत नीलांजना नावाची अप्सरा नृत्य करीत होती. तिचे आयुष्य नृत्याच्या मध्येच संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने त्याच क्षणी तिच्याचसारखी दुसरी नर्तकी तेथे उभी केली. ताल चुकला नाही, कोणाला कळले नाही. सगळी सभा नृत्यात बुडालेली होती, आणि त्या सभेत एकाच्याच लक्षात आले की पहिली गेली. मथुरेत सापडलेल्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका शिल्पपटात हाच प्रसंग कोरलेला आहे असे अभ्यासक मानतात. तो पट आज लखनौच्या संग्रहालयात आहे.

मला या कथेत एक गोष्ट नेहमी विशेष वाटते. ऋषभदेवांनी डोळे मिटलेले नव्हते. ते इतरांपेक्षा अधिक नीट पाहत होते. बाकीचे सुखात होते, म्हणून त्यांना बदल दिसला नाही. ज्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते, त्याला तो दिसला. आपल्या परंपरेतील पहिल्या तीर्थंकरांचे वैराग्य एका सुंदर दृश्यासमोर जन्माला आले आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता माझ्या अनुभवाकडे वळतो. आमचे वडील फार शिकलेले नव्हते, परंतु कापड कसे पाहावे हे त्यांनी मला शिकवले. नवीन तागा आला की ते तो दुकानात उलगडू देत नसत. दिव्याखाली रंग खोटे बोलतो, असे त्यांचे म्हणणे. तागा उंबऱ्याशी न्यायचा, बाहेरच्या उजेडात धरायचा. आधी पोत पाहायचा, मग काठ, मग पन्हा. आडवे-उभे सूत सारखे बसले आहे का ते पाहायचे. मुठीत चुरगळून सोडायचे आणि खळ किती आहे ते बोटांनी ओळखायचे. किंमत सर्वांत शेवटी विचारायची. मी पदवीधर असल्याने मला प्रथम बीजक पाहण्याची घाई असे. ते म्हणत, “किंमत कळली की डोळे बंद होतात. आधी बघून घे.” तेव्हा मला ही व्यापारातील युक्ती वाटली. ती युक्ती होतीच. परंतु पुढे पुढे मी वडिलांना पाहिले आहे, एखादे उत्तम विणलेले इरकल किंवा साधे पण एकसारखे मलमल हातात आले की खरेदीचा विचार संपल्यावरही ते क्षणभर तसेच उभे राहत. त्या क्षणी ते व्यापारी नसत.

घरात हीच गोष्ट आई तांदळाच्या निमित्ताने करीत असे. दुपारी जेवणे आटोपली की ती सूप घेऊन पूजेच्या अक्षता निवडायला बसे. तुटका दाणा चालत नाही, कारण अक्षत म्हणजे अखंड; आणि टरफल गेलेला तांदूळ पुन्हा उगवत नाही, तसा आत्मा पुन्हा जन्मास न येवो, ही त्यामागची भावना. सकाळी मंदिरात पाटावर ती स्वस्तिक काढी. चार गतींच्या चार भुजा, वर रत्नत्रयाचे तीन पुंज, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. एक रेष वाकडी गेली तर पुसून पुन्हा काढी. दहा मिनिटांत पूजा संपे आणि पुजारी तेच तांदूळ हाताने ओढून पेटीत टाकी. ते निर्माल्य झाले, त्यावर आपला हक्क नाही. तरुणपणी मी तिला विचारले होते, “आई, मोडायचेच आहे तर इतके नीट कशाला?” ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू प्रश्नच तिला कळला नसावा. तिने उत्तर दिले नाही आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच निगुतीने स्वस्तिक काढले.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना धन, धान्य, वस्त्र यांची यादी दिलेली नाही. त्यांनी मूर्च्छेकडे, म्हणजे आपल्या ममत्वाकडे बोट दाखवले. याचा अर्थ मला माझ्या पुरता असा लागतो की सुंदर वस्तू समोर असणे हा दोष नाही. ती पाहताना ‘माझी’ हा शब्द मनात उठतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि सौंदर्याचे सामर्थ्य हे की काही वेळा ते तो शब्द उठूच देत नाही. आपण फक्त पाहतो. आत्म्याचा स्वभाव ज्ञाता-द्रष्टा आहे असे आपण प्रवचनात ऐकतो. त्याची ओझरती चव आपल्यासारख्या संसारी माणसाला कधी मिळत असेल, तर ती अशाच क्षणी मिळत असावी. पंडितजींना हे विधान धाडसाचे वाटल्यास त्यांनी मला अवश्य दुरुस्त करावे.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक वृद्ध भगिनी वर्षानुवर्षे खरेदीला येत. कापडाची अशी पारख मी क्वचितच पाहिली. त्यांना फसवणे शक्य नव्हते आणि खूश करणेही सोपे नव्हते. एके दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, “चांगल्यातली चांगली पैठणी दाखव.” मी तीन काढल्या. त्यांनी त्यांतली एक घेतली, आणि माझ्या वडिलांसारखीच ती उंबऱ्याशी नेली. पदरावरचे मोर उजेडात धरले, उलट्या बाजूने विणकाम पाहिले, काठावरून बोट फिरवले. दुकानात गर्दी होती, मुलगा गल्ल्यावरून माझ्याकडे पाहत होता. बराच वेळ गेला. मग त्यांनी ती पैठणी स्वतःच घडी घातली, मूळच्या घडीवर घडी, आणि म्हणाल्या, “विणणाऱ्याचा हात फार चांगला आहे. आता मला पांढऱ्या सुती साड्या दे, जाड्याभरड्या चालतील.” पुढल्या महिन्यात त्यांची दीक्षा होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी त्या दिवशी मनातून चिडलो होतो. घ्यायची नव्हती तर एवढा वेळ का खाल्ला? दीक्षेची वार्ता कळल्यावर मला वाटले, त्या आपल्या आवडीचा निरोप घ्यायला आल्या असतील. आज तेही मला खरे वाटत नाही. निरोप घेणाऱ्याचा हात थोडा रेंगाळतो. त्यांचा हात रेंगाळला नव्हता. त्या पैठणीची इतकी मनापासून स्तुती कोणत्याही विकत घेणाऱ्याने माझ्या दुकानात केलेली नाही.

१९८१ साली श्रवणबेळगोळच्या मूर्तीला १००० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त महामस्तकाभिषेक झाला. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली, देशभरातून लाखो लोक लोटले. आम्ही गर्दी ओसरल्यावर, दोन महिन्यांनी गेलो. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आई न थांबता चढली. मी दोनदा बसलो. वर गेल्यावर एकाच पाषाणातून घडवलेली ती सुमारे ५७ फुटांची मूर्ती. मी हिशोबी माणूस. प्रथम उंची, मग वजन, मग मांडीच्या वर पाठीमागे आधार कसा नाही, असा विचार सुरू झाला. आई काही न बोलता पाहत होती. पायाशी वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून दंडापर्यंत चढलेली वेल. आणि वर तो चेहरा. ज्या बाहुबलींनी भरताशी पहिले युद्ध केले ते दृष्टियुद्ध होते, हे आठवा. डोळ्याने डोळ्याला हरवायचे. त्याच बाहुबलींचे अर्धोन्मीलित नेत्र येथे कोणालाच हरवू पाहत नाहीत. हे मला त्या दिवशी सुचले नाही. त्या दिवशी एवढेच झाले की माझे मोजमाप मध्येच कोठेतरी थांबले, आणि ते थांबल्याचे मला खाली उतरताना कळले.

त्या मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील अतिशय जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावा. चामुंडरायाने ही मूर्ती करविली, असे तो लेख सांगतो. घडवणाऱ्या कारागिराचे नाव त्या ओळींत नाही. तेथीलच एक लोककथा मात्र करविणाऱ्याविषयीच आहे. पहिल्या अभिषेकाला चामुंडरायाने घड्यामागून घडे दूध ओतविले, परंतु ते पायांपर्यंत पोहोचेना. शेवटी एका गरीब वृद्धेने गुळ्ळकायी नावाच्या फळाच्या करवंटीत आणलेले घोटभर दूध घातले, आणि ते मस्तकापासून चरणांपर्यंत ओघळले. चामुंडरायाच्या मनात ‘हे मी केले’ असा गर्व आला होता, म्हणून दूध अडले, असे कथा सांगते. त्या गुळ्ळकायज्जीची पाषाणमूर्ती तेथेच समोरच्या बाजूस हातात ती करवंटी घेऊन उभी आहे. यात्रेकरू तिच्याजवळून घाईने पुढे जातात. आम्हीही गेलो होतो.

आता थोडे अवघड बोलतो, आणि ते माझ्याविषयी आहे.

ज्येष्ठांना स्मरत असेल, या सभामंडपाच्या जीर्णोद्धारापूर्वी पूर्वेच्या भिंतीत दगडी जाळीची खिडकी होती. सकाळी पूजेच्या वेळी तिच्यातून ऊन येई आणि जाळीची नक्षी फरशीवर पडे. ती हळूहळू सरकत पाटांपर्यंत येई. आईचे स्वस्तिक पूर्ण होता होता त्यावर उन्हाचे लहान लहान ठिपके पडलेले असत. कोणी त्याला सौंदर्य म्हटले नाही. लहान मुले त्या ठिपक्यांवर पाय ठेवायचा खेळ खेळत आणि मोठी माणसे त्यांना रागे भरत. जीर्णोद्धाराच्या बांधकाम समितीत मी होतो. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी कोठे लावावी असा प्रश्न आला. दर्शनी जागा तीच होती. ‘खिडकीतून धूळ येते, जाळी बुजवून घ्यावी’ ही सूचना माझी. इतिवृत्तात ती माझ्या नावावर आहे. मी गेल्या आठवड्यात काढून पाहिले. पाटीवरही माझे नाव तिसऱ्या ओळीत आहे, ते तर आपण रोजच पाहता.

त्यानंतर आई जितकी वर्षे मंदिरात येऊ शकली तितकी वर्षे तिने त्या भिंतीखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात स्वस्तिक काढले. एका शब्दाने ती बोलली नाही. तिने पाटीवरचे माझे नाव कधी वाचले की नाही, हेही मला ठाऊक नाही. मला मात्र ती भिंत वाचता येते. त्या एवढ्याशा उन्हापुढे काही क्षण ‘माझे’ म्हणून काही उरत नसे. आणि ज्या जागी ते ऊन पडे, तेथे आम्ही ‘माझे’ या शब्दाची पाटी बसवली.

म्हणून आकिंचन्याच्या या दिवशी विश्वस्त मंडळापुढे मी लेखी विनंती ठेवीत आहे. पाटी कार्यालयाच्या भिंतीवर हलवावी. दात्यांचा मान राखलाच पाहिजे, त्यांच्या दानातून हा मंडप उभा आहे. तो मान तेथेही राखला जाईल. माझे नाव नव्या जागी नसले तरी चालेल. जुनी जाळी फोडलेली नव्हती, ती मागच्या खोलीत समवसरणाच्या जुन्या चित्रांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. एक कोपरा तुटला आहे, बाकी ठीक आहे. मी गवंड्याला दाखवली. पूर्ण काम चार दिवसांचे आहे, असे तो म्हणतो, आणि धूळ येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूने काच बसवता येईल. खर्चाचा अंदाज अर्जासोबत जोडला आहे.