पुराआधीचे दहा रुपये
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



२६ जुलै २००५ चा पूर इथल्या थोरल्या ताईंना आठवत असेल. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदी पुन्हा चढली. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली आणि आपल्या कांबा, वरप, म्हारळकडेही पाणी शिरलं.

पाणी ओसरतं, पण मग मजुरी बंद, चूल भिजलेली आणि हातात पैसा नाही. अशा वेळी बाई सावकाराकडे जाते. ते आपल्याला टाळायचंय.

हिशोब सोपा आहे. गटात १० जणी. ऑक्टोबर ते मे, ८ महिने, नेहमीच्या बचतीशिवाय प्रत्येकीचे महिन्याला १० रुपये. झाले ८०० रुपये! त्यात गटाला टॉर्च, दोरी, शिट्टी आणि ओआरएसची पाकिटं येतात. उरलेले पैसे अडचणीसाठी ठेवा. हा खर्च ठराव करून रजिस्टरला लिहा.

घरात मात्र एक पैसाही न लागणारं काम आजच करा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा जाड प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवा. गटाचं रजिस्टरही तिथेच. पंचनाम्याला तलाठी आले की हीच कागदं लागतात, मदत बँक खात्यातच येते. चिखल काढण्याआधी मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढा. पाणी उकळूनच प्या.

आणि ११२, १०८, १०७७ हे नंबर दाराच्या आत खडूने लिहा. मोबाईल बंद पडला तरी शेजारणीच्या फोनवरून लावता येतील.

पुढच्या बैठकीत मी एकच विचारणार: पिशवी बांधली का?