लुटुपुटीची लढाई आणि खरी लढाई



दाबोळीच्या पठारावर, नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाच्या आवारात, एका जहाजाचा डेक जमिनीवर बांधलेला आहे. जहाज नाही, नुसता डेक. विमानवाहू नौकेच्या टोकाशी असतो तसा वर उचललेला चढ त्याला आहे. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीकडील आकडा अडकावा म्हणून आडव्या पोलादी तारांची योजनाही तेथे केलेली आहे. तेजस विमानाच्या नौदलीय आवृत्तीने 20 डिसेंबर 2014 रोजी या चढावरून पहिले उड्डाण केले. 13 सप्टेंबर 2019 रोजी ते येथेच तारेत आकडा अडकवून उतरले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 11 जानेवारी 2020 रोजी, कमोडोर जयदीप मावळंकर यांनी हे विमान विक्रमादित्य नौकेच्या खऱ्या डेकवर उतरविले.

दाबोळीचा डेक आणि विक्रमादित्यचा डेक यांत एक भेद आहे व तो लहान मुलासही दिसतो. दाबोळीचा डेक हलत नाही. त्याखाली पाणी नाही, लाटेबरोबर तो वरखाली होत नाही. युद्धशिक्षणासाठी केलेल्या प्रत्येक प्रतिरूपात असे काहीतरी गाळलेले असते, आणि काय गाळले आहे याची जाणीव वापरणाऱ्यास असते तोपर्यंत त्यापासून धोका नसतो. गोवा शिपयार्डने नौदलासाठी बांधलेल्या नुकसान-नियंत्रणाच्या सिम्युलेटरमध्ये भिंतीच्या भोकातून खरे पाणी आत घुसते आणि खलाशांना ते भिजत भिजत बुजवावे लागते. तेथे गाळलेली गोष्ट बुडण्याचे भय ही होय, आणि तीही सर्वांना ठाऊक असते. परंतु प्रतिरूप संगणकाच्या पोटात गेले की काय ठेवले व काय गाळले हे पडद्याकडे पाहून कळेनासे होते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

लुटुपुटीच्या लढाईने सेनापती घडविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. प्रशियातील राइसविट्झ नामक सरदाराने 1812 मध्ये राजासाठी अशा खेळाची एक पेटी तयार केली. त्याच्या तोफखान्यातील लेफ्टनंट पुत्राने 1824 मध्ये त्या खेळाला शिस्तबद्ध नियम दिले. 1:8000 प्रमाणाचा खरा नकाशा, निळ्या व तांबड्या रंगांचे ठोकळे, एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, आणि गोळीबाराचा परिणाम ठरविण्यास फासे. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसे. शत्रूचे जे ठोकळे प्रत्यक्षात दिसणार नाहीत ते तो मांडतच नसे. पुढे संगणकाने जे केले त्याचे बीज या पंचात आहे, कारण कोणास काय दिसावे आणि कोण मेला हे ठरविण्याचे काम आता यंत्र करते. निळा तो आपला व तांबडा तो शत्रू हा संकेत तर आजही अनेक देशांच्या लष्करी सरावांत टिकून आहे.

यंत्राचा प्रवेश मात्र रणांगणातून झाला नाही, तो वाद्यांच्या कारखान्यातून झाला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांवर एक खोटे विमान डोलवावे ही युक्ती लिंकने 1929 मध्ये सिद्ध केली. ज्यांनी पेटीचा भाता हाताने हलविला आहे त्यांना या यंत्राचे मर्म वेगळे सांगावयास नको. सुरुवातीस हे यंत्र जत्रेतील पाळण्याप्रमाणे करमणुकीच्या बागांतच अधिक खपले. मग 1934 चा हिवाळा आला. अमेरिकन सैन्याने टपालाची विमाने चालविण्याचे काम अंगावर घेतले आणि धुक्यात, अंधारात, केवळ उपकरणांकडे पाहून उड्डाण करण्याची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक मृत्यू पावले. लष्करी अधिकारी लिंकची वाट पाहत न्यूअर्क येथे थांबले होते. धुके इतके दाट होते की हा मनुष्य येणे शक्य नाही असे त्यांनी ठरविले, तोच तो विमान घेऊन उतरला. सैन्याने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या खोक्यात बसून शिकले.

पुढची पायरीही प्रशिक्षणाच्याच गरजेतून आली. 1944 मध्ये अमेरिकन नौदलास असे शिक्षणयंत्र हवे होते की जे कोणत्याही विमानाचा गुणधर्म दाखवील. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत जे फॉरेस्टर यांनी ते काम हाती घेतले. वैमानिकाने दांडा हलविला की उत्तर तत्क्षणी मिळाले पाहिजे, ही अट जुन्या पद्धतीच्या यंत्राने पुरी होईना. तेव्हा त्यांनी अंकांवर चालणारा संगणक बांधण्याचा मार्ग धरला. व्हर्लविंड नावाचा तो संगणक 1951 च्या सुमारास चालू झाला. तोपर्यंत मूळचे शिक्षणयंत्र बाजूस पडले होते आणि संगणक हवाई संरक्षणाच्या कामी लागला. विचारल्याबरोबर उत्तर देणारा संगणक हा असा सिम्युलेटरच्या शोधात निघालेल्या मंडळींच्या हाती लागला आहे.

1983 पासून अमेरिकेत सिमनेट या नावाने रणगाड्यांचे सिम्युलेटर तारांनी एकमेकांस जोडण्याचे काम सुरू झाले. केंटकीतील एका खोक्यात बसलेल्या पथकास दूरच्या तळावरील खोक्यात बसलेले पथक पडद्यावर दिसे व त्याच्यावर तोफ डागता येई. याचा खरा कस मात्र एका प्रत्यक्ष लढाईनंतर लागला. 26 फेब्रुवारी 1991 रोजी इराकच्या वाळवंटात, धुळीच्या वादळात, अमेरिकेच्या दुसऱ्या आर्मर्ड कॅव्हल्री रेजिमेंटची इराकी रिपब्लिकन गार्डशी गाठ पडली. नाव देण्याजोगे गाव वा टेकडी तेथे नव्हती, म्हणून नकाशावरील रेषेवरून त्या लढाईस 73 ईस्टिंग असे नाव पडले. कॅप्टन मॅकमास्टर यांच्या तुकडीने सुमारे तेवीस मिनिटांत अठ्ठावीस रणगाडे नष्ट केले आणि तिचा एकही सैनिक पडला नाही. लढाईनंतर काही आठवड्यांतच अभ्यासकांचे पथक लढलेल्या सैनिकांना घेऊन त्याच जागी फिरले. चाकोऱ्यांच्या खुणा, जळालेले सांगाडे, नोंदी, आठवणी हे सारे जुळवून ती लढाई संगणकात पुन्हा उभी करण्यात आली.

येथवर ती केवळ चित्रफितीसारखी होती. खरा उपयोग पुढे झाला. स्टीफन बिडल या अभ्यासकाने या प्रतिरूपातील एकेक गोष्ट बदलून पाहिलेल्या चाचण्यांच्या आधारे 1996 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. अमेरिकनांच्या उष्णतादर्शक दुर्बिणी काढून घेतल्या तर काय होते? इराकींनी मोर्चे नीट खणले असते, पुढे पहारेकरी ठेवले असते तर काय झाले असते? दोन्ही वेळा अमेरिकनांची हानी पुष्कळ वाढली. उत्तम यंत्रे आणि प्रतिपक्षाच्या चुका एकत्र आल्या म्हणून तो विजय इतका स्वस्त पडला, असे त्याचे अनुमान होते. जिंकलेल्या सैन्यास हे ऐकणे फारसे गोड वाटणारे नव्हे. संगणकाने करावयाची कामगिरी ती हीच, असे मात्र म्हणावे लागते.

खेळ व सत्य यांतील कुंपण कोसळल्यास काय होते याचा अनुभव त्यापूर्वी येऊन गेला होता. 9 नोव्हेंबर 1979 च्या पहाटे अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातील पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा प्रचंड हल्ला दिसू लागला. लढाऊ विमाने उडाली. राष्ट्राध्यक्षांसाठी राखून ठेवलेले आपत्कालीन विमानही, राष्ट्राध्यक्षांना न घेताच, आकाशात गेले. उपग्रह व रडार यांची मूळ माहिती तपासली तेव्हा आकाश मोकळे आढळले. सरावासाठी तयार केलेला हल्ल्याचा देखावा चालू यंत्रणेत शिरला होता. काही मिनिटांचाच हा प्रकार. परंतु देखावा उत्तम वठविलेला असल्यामुळेच तो धोक्याचा ठरला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. चाचण्यांसाठी नंतर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे वेगळी जागा उभारण्यात आली.

याच्या उलट चूक अधिक वेळा घडते आणि ती यंत्राची नसते. खेळाने खरे सांगितले असता ते खेळ म्हणून सोडून द्यावयाचे, ही ती चूक होय. संगणक नव्हता तेव्हाही ती झाली. मे 1942 च्या आरंभी यामातो या जपानी युद्धनौकेवर मिडवे बेटावरील चढाईची रंगीत तालीम टेबलावर चालली होती. जपानी विमाने बेटावर हल्ल्यास गेली असताना अमेरिकन बाँबफेकी विमानांनी जपानी ताफा गाठला, असा प्रसंग उभा राहिला. पंच अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे फासा टाकला. नऊ बाँब लागले, अकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. मुख्य पंच रिअर अॅडमिरल उगाकी यांनी तत्काळ हस्तक्षेप करून नऊचे तीन केले. अकागी वाचली. कागा बुडाली खरी, परंतु मोहिमेच्या पुढच्या टप्प्याच्या खेळात तीही पुन्हा तरंगू लागली. फासा टाकणारे ओकुमिया यांनी फुचिदा यांच्यासह पुढे लिहिलेल्या पुस्तकातून ही हकीकत जगापुढे आली.

उगाकी यांना न्याय द्यावयाचा तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष युद्धात मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बाँब जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. म्हणजे हिशेबापुरता उगाकींचा आकडा फाशापेक्षा जवळचा होता! पण फाशाने विचारलेला प्रश्न निराळा होता. आपली विमाने बेटाकडे गुंतलेली असताना शत्रू अंगावर आला तर काय करणार? असा प्रश्न खुद्द उगाकी यांनीही त्या बैठकीत विचारला होता, आणि त्यास मोघम उत्तर मिळाले. 4 जून 1942 रोजी सकाळी अमेरिकन विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी काही मिनिटांत अकागी, कागा व सोर्यू यांना आगी लावल्या. सायंकाळी हिर्यूची पाळी आली. यापैकी एकही पुन्हा तरंगली नाही.

साठ वर्षांनंतर, 2002 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, अमेरिकेने मिलेनियम चॅलेंज नावाचा सराव केला. त्यावर सुमारे पंचवीस कोटी डॉलर खर्च झाले, साडेतेरा हजार माणसे गुंतली. काही सैन्य प्रत्यक्ष मैदानांवर होते आणि उरलेले संगणकात. आखातातील एका शत्रुराष्ट्राची तांबडी बाजू निवृत्त मरीन सेनानी पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे सोपविली होती. निळ्या बाजूपाशी शत्रूचे प्रत्येक संभाषण टिपणारी साधने होती. व्हॅन रायपर यांनी बिनतारी संदेश बंद केले. मोटारसायकलवरून निरोपे धाडले, विमानांना दिव्यांच्या खुणा केल्या, प्रार्थनेच्या बांगेतून संकेत पाठविले. निळ्या बाजूने निर्वाणीचा खलिता धाडला तेव्हा त्यांनी हल्ल्याची वाट न पाहता क्षेपणास्त्रांचा व स्फोटकांनी भरलेल्या लहान होड्यांचा एकाच वेळी मारा केला. संगणकाने हिशेब करून निकाल दिला : विमानवाहू नौकेसह सोळा अमेरिकन जहाजे बुडाली.

संगणकाचा निकाल फिरविण्यात आला. बुडालेला ताफा वर काढण्यात आला. पुढे तांबड्या बाजूने विमानविरोधी रडार चालू ठेवावीत, म्हणजे ती नष्ट करता येतील, आणि सैन्य घेऊन येणारी विमाने पाडू नयेत, अशा आज्ञा आल्या. आपले हुकूम परस्पर बदलले जात आहेत हे पाहून व्हॅन रायपर यांनी तांबड्या बाजूचे नेतृत्व सोडले. शेवटी निळी बाजू जिंकली.

वरिष्ठांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्याजोगे नव्हते. आरंभीच ताफा बुडाला म्हणून खेळ थांबविला असता तर मैदानांवर जमलेल्या हजारो सैनिकांनी उरलेले दिवस काय करावयाचे? त्यांच्या उतरण्याच्या, चढाईच्या, रसद पोहोचविण्याच्या तालमी ठरलेल्या होत्या आणि त्यांसाठी जहाजे तरंगणे भाग होते. मोठ्या खर्चाचा सराव पुरा करणे ही प्रशासकीय अडचण खरीच आहे. सरकारी कामाशी संबंध आलेल्या कोणासही ती समजेल. परंतु सैनिकांची तालीम आणि नव्या युद्धतंत्राची परीक्षा ही दोन कामे एकाच खेळावर लादली होती. अशा वेळी तालीम पुरी करून परीक्षेचा निकाल मात्र जसाच्या तसा नोंदविता आला असता. तसे झाले नाही, व नवी तंत्रे कसाला उतरल्याचे जाहीर करण्यात आले.

व्हॅन रायपर यांचा आक्षेप त्यावरच होता. ताफा वर काढला याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती; निकाल आधी ठरवून मग खेळ खेळविला, हे त्यांना रुचले नाही. सराव घडवून आणणाऱ्या अधिकारपीठाचा विस्तृत अहवाल काही वर्षांनी जनतेस वाचावयास खुला झाला. तांबड्या बाजूचे स्वातंत्र्य पुढे पुढे इतके आवळले गेले की खेळाचा शेवट लिहून ठेवल्याप्रमाणेच झाला, अशी कबुली त्याच अहवालात आहे.