‘इन कॉन्सर्ट’ : मेळ आणि संगनमत

इंग्रजीत ‘इन कॉन्सर्ट’ असा दोन शब्दांचा एक वाक्प्रचार आहे. गायकाच्या किंवा वादकाच्या नावापुढे तो आला की ‘श्रोत्यांसमोर, प्रत्यक्ष मैफलीत’ असा त्याचा अर्थ होतो. पण दोन राष्ट्रे किंवा दोन माणसे ‘इन कॉन्सर्ट’ वागली असे म्हटले, म्हणजे त्यांनी आधी विचार जुळविला आणि मग पाऊल उचलले, असा बोध होतो. हा दुसरा अर्थ संगीतावरून घेतलेले रूपक असावे असे सहज वाटते. वस्तुतः क्रम उलटा आहे. मेळ घालणे, एकमताने ठरविणे ही या शब्दातील मूळ कल्पना. मैफलीचा अर्थ तिच्यातून पुढे निघाला. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ पासून युरोपातील बड्या सत्तांनी आपसांत विचारविनिमयाची जी पद्धत चालविली, तिला ‘कॉन्सर्ट ऑफ युरोप’ म्हणत, ते याच अर्थाने.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे असे मात्र नाही. एकदा त्यावर एका माणसाचे प्राण अवलंबून होते. १९४३ साली सिंधू नदीच्या काठी बोरू कापण्यावरून तंटा झाला. वली शहा आणि महबूब शहा हे दोघे बंदुका घेऊन धावून आले. वली शहाच्या गोळीने एक जण ठार झाला. महबूब शहाच्या गोळीने दुसरा किरकोळ जखमी झाला. वली शहा फरारी झाला, आणि लाहोर उच्च न्यायालयाने खुनाबद्दल महबूब शहाची फाशीची शिक्षा कायम केली. दंडसंहितेच्या ३४ व्या कलमाप्रमाणे, सर्वांच्या समान उद्देशाने केलेल्या कृत्याला त्यांतील प्रत्येक जण जबाबदार असतो.

१९४५ साली प्रिव्ही कौन्सिलने हा खुनाचा दोष रद्द केला. न्यायाधीश सर माधवन नायर यांच्या निकालाचा आशय असा : कृत्य आधी ठरलेल्या बेतानुसार, ‘इन कॉन्सर्ट’ झाले, हे सिद्ध व्हावे लागते. दोघांचा उद्देश सारखा असेल. पण सारखा उद्देश म्हणजे समाईक उद्देश नव्हे. ३४ व्या कलमाचे ते तत्त्व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या तिसऱ्या कलमात आले आहे. कंपन्यांच्या भागखरेदीसंबंधीच्या २०११ च्या नियमांतही ‘इन कॉन्सर्ट’ वागणाऱ्यांचे भाग एकत्र मोजले जातात.

मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द पुरत नाही. हेतू चांगला असेल तेथे ‘एकविचाराने’ शोभेल. कारस्थान असेल तेथे ‘संगनमताने’ म्हणावे लागेल. इंग्रजी शब्द निवाडा करीत नाही. मराठी शब्द निवडतानाच निवाडा होऊन जातो. म्हणून भाषांतरकाराने तो जपून निवडावा. एकाच रस्त्याने दोन वाटसरू एकच चाल गुणगुणत गेले, तरी तेवढ्याने मैफल होत नाही. त्यांनी ती आधी जुळविली होती काय, एवढाच प्रश्न असतो.