यशाच्या आड लपलेलें व्यसन



महोत्सवाच्या या आनंदांत एका कटु विषयाकडे आम्ही आपलें लक्ष वेधूं इच्छितों. व्यसनी म्हटला कीं रस्त्यांत लोळणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. परंतु १९३५ सालीं अमेरिकेंत ज्या दोघां मद्यपींनीं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना स्थापिली, त्यांपैकीं एक शस्त्रवैद्य होता, दुसरा शेअरबाजारांतला गृहस्थ. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकरही हुशार वकीलच!

अंधेरीची सकाळची गाडी न चुकविणारा, घराचे हप्ते वेळेवर भरणारा, रविवारीं मिस्सेला पुढच्या बाकावर बसणारा गृहस्थही या पाशांत असूं शकतो. त्यास ओळखावें कसें? तो एकट्यानें पितो, बाटली कपाटांत दडवितो, विचारतांच चिडतो. उपवासकाळांत चाळीस दिवस प्याल्यास न शिवणें हा त्याचा आवडता पुरावा. परंतु ते दिवस तो मोजीत असतो, आणि ईस्टरच्या रात्रीं पूर्वीहून अधिक पितो. पत्नी बिचारी कचेरींत ‘ताप आला आहे’ असें कळविते.

कुटुंबीयांनो, अशा झांकण्यानें रोग वाढतो. चारचौघांत त्याचा अपमान करूं नका, आणि त्याच्यासाठीं खोटेंही बोलूं नका. तो शुद्धीवर असतांना, पाहिलें तेवढेंच शांतपणें सांगा. फार पिणाऱ्यानें एकाएकीं सोडणें जिवावर बेतूं शकतें. म्हणून आधीं डॉक्टरांस दाखवा. फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्र्यास सुरू केलेली ‘कृपा फाउंडेशन’ ही संस्थाही आपणांस दूर नाहीं.

ज्या घरांत आज हें गुपित आहे, त्या घरास सत्य बोलण्याचें धैर्य प्रभु येशू ख्रिस्त देवो.