दोन रोधकांची निवड



एलएम ३१७ हा तीन पायांचा नियामक १९७० च्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांनी रचला. आपल्या निर्गम आणि समायोजन या दोन अग्रांमध्ये तो १.२५ व्होल्ट दाब कायम राखतो. मराठीत यास मी ‘आधारदाब’ म्हणतो. त्या अग्रांमध्ये जोडलेल्या पहिल्या रोधकातून त्यामुळे ठरावीक प्रवाह वाहतो आणि तोच पुढे दुसऱ्या रोधकातून ऋण वाहिनीकडे जातो. ५ व्होल्ट हवे असतील, तर उरलेले ३.७५ व्होल्ट दुसऱ्यावर पडले पाहिजेत. अर्थात तो पहिल्याच्या तिप्पट हवा.

गणित एवढेच असते, तर १२० व ३६० ओहमची जोडी आणि २४०० व ७२०० ओहमची जोडी सारखीच ठरली असती. परंतु समायोजन अग्रातूनही सुमारे ५० मायक्रोअँपिअर प्रवाह बाहेर पडून दुसऱ्या रोधकातून जातो. ३६० ओहमवर त्याने ०.०१८ व्होल्टची भर पडते, ती नगण्य होय. ७२०० ओहमवर मात्र ०.३६ व्होल्टची.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. निर्गमातून किमान काही प्रवाह वाहिल्याशिवाय नियामकाचा ताबा राहत नाही, दाब वर चढतो. एलएम ३१७ साठी हा किमान प्रवाह, वाईटात वाईट नग धरून, १० मिलिअँपिअर सांगितला आहे. छापील आकृत्यांत सर्रास आढळणारा २४० ओहमचा रोधक जेमतेम ५.२ मिलिअँपिअर वाहू देतो. तो शोभतो एलएम ११७ या अधिक काटेकोर भावंडाला, ज्याची मर्यादा ५ आहे. भार सदैव जोडलेला असेल, तर २४० ने अडत नाही. परंतु प्रयोगशाळेतील पुरवठा कित्येकदा रिकामाच चालू असतो, आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मर्यादेत चालणारे ७४ मालिकेतील घटक अशा चढलेल्या दाबावर जोडणे धोक्याचे. म्हणून मी १२० ओहमच घ्यावा म्हणेन. शिवाय त्याच्या जोडीचा ३६० पाच टक्के अचूकतेच्या प्रचलित मालिकेत मिळतो. २४० च्या जोडीचा ७२० त्या मालिकेत नाही.

दुसऱ्या रोधकाऐवजी फिरता रोधक वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की त्याचा सरकता स्पर्श सुटला तर निर्गमदाब थेट आगमदाबाच्या जवळ जातो.

पहिला रोधक नियामकाच्या पायाशीच डाखावा, भाराशी नव्हे. मधल्या तारेचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह १ अँपिअर असेल, तर एरवी ०.०५ व्होल्टची घट होते. रोधक भाराशी जोडल्यास तीच ५ व्होल्टच्या परिपथात चौपट, म्हणजे ०.२ व्होल्ट होते.